मातीची परीक्षा

आश्विन महिना लागला, रात्रींचा गारवा वाढूं लागला, कीं केळापूर तालुक्यांतील पऱ्हाटीच्या शेतांत पुष्कळदां एक विलक्षण देखावा दिसतो. कालपरवांपर्यंत हिरवीगार असलेलीं पानें कडेनें तांबूस होतात. मग तो तांबूसपणा आंत सरकत सबंध पान व्यापतो, आणि बोंडें पुरतीं भरण्यापूर्वींच पानगळ सुरू होते. शेतकरी याला ‘लाल्या’ म्हणतात. रस्त्यानें जाणाऱ्या उतारूस तें शेत शोभिवंत वाटेल. परंतु ज्यानें बियाणें, खत आणि निंदणी यांसाठीं उसने पैसे काढलेले असतात, त्याच्या पोटांत तो रंग पाहून गोळा उठतो. तो तडक पांढरकवड्याच्या बाजारांत जातो, दुकानदारापुढें चार पानें टाकतो आणि विचारतो, “भाऊ, यावर काय मारूं?”

‘काय मारूं’ या दोनच शब्दांत विदर्भांतील कोरडवाहू शेतीचें पुष्कळसें दुःख सांठलेलें आहे. कारण त्याआधीं विचारावयाचा प्रश्न निराळा आहे, आणि तो म्हणजे ‘काय झालें आहे?’ लाल्या ही बहुधा कीड नव्हे व जंतुजन्य रोगहि नव्हे. बोंडें भरण्याच्या दिवसांत झाडाला नत्राची गरज फार असते. जमिनींतून तें पुरेसें मिळालें नाहीं, तर झाड आपल्याच पानांतील नत्र काढून बोंडांना देतें. पानाच्या हिरव्या रंगाच्या गाभ्याशीं मॅग्नेशियम हें द्रव्य असतें. त्याची उणीव झाली, त्यांत रात्रीं एकाएकीं थंड झाल्या किंवा जमिनींतली ओल तुटली, कीं हिरवा रंग ओसरतो व लाल रंग वर येतो. अशा शेतावर कीटकनाशक फवारणें म्हणजे उपाशी माणसाला जुलाबाचें औषध देण्यासारखें आहे. तेथें १० लिटर पाण्यांत १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून केलेली फवारणी व नत्राची पूर्तता हा उपाय होय. आणि तोहि वेळेवर झाला तरच उपयोगी पडतो.

परंतु येथेंच एक मेख आहे. तुडतुडे नांवाची रस शोषणारी कीड पडली तरीहि पानाच्या कडा पिवळ्या व मग लाल होतात. भेद एवढाच, कीं अशा पानाच्या कडा खालीं वळतात, आणि पान उलटून पाहिलें तर फिकट हिरवे, तिरपे चालणारे किडे दिसतात. म्हणजे एकाच रंगाच्या पाठीमागें दोन अगदीं वेगळीं कारणें असूं शकतात, व एकाचें औषध दुसऱ्यास चालत नाहीं. हा निवाडा करण्यासाठीं पान उलटून पाहणारा जाणता डोळा आणि मातीच्या पोटांत काय आहे तें सांगणारी प्रयोगशाळा या दोहोंची गरज लागते. शेतीच्या परीक्षण व सल्ला सेवांचें सारें प्रयोजन एवढ्यांत सामावलेलें आहे.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं, हें २०१७ सालीं फार कठोरपणें दिसून आलें. त्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले, आणि शेंकडों जणांना इस्पितळांत दाखल करावें लागलें. पऱ्हाटी त्या वर्षीं उंच वाढली होती, त्यामुळें फवारा तोंडाच्या पातळीवर येत होता. दोन-तीन विषारी औषधें एकत्र कालविण्याची रीत पडली होती, आणि अंगावर संरक्षक कपडे, हातमोजे, मुखपट्टी यांपैकीं बहुधा कांहींच नव्हतें. सरकारनें चौकशीसाठीं विशेष पथक नेमलें व पुढें नियम कडक झाले. परंतु कोणतें औषध, किती व केव्हां, आणि मुळांत हवें कीं नको, हें सांगणारा निःस्वार्थी सल्लागार जेथें वेळेवर पोंचत नाहीं, तेथें जो माल विकतो तोच सल्लागार होऊन बसतो. दुकानदार वाईट असतो असें नव्हे. पुष्कळ दुकानदार प्रामाणिक व अनुभवी असतात. तथापि ज्याचें पोट बाटलीच्या खपावर भरतें, त्यानें ‘आज कांहींच मारूं नका’ असा सल्ला द्यावा, अशी अपेक्षा करणें हा त्याच्यावरहि अन्यायच होय.

आतां या भागाच्या मातीकडे वळूं. केळापूर हें तालुक्याचें नांव असलें तरी त्याचें मुख्य ठिकाण पांढरकवडा हें आहे. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्याच्याजवळून जातो. कापूस, तूर, सोयाबीन व ज्वारी हीं येथलीं मुख्य पिकें. गोंड व कोलाम लोकांची वस्ती या भागांत मोठी असून, कोलामांच्या वाड्यांना ‘पोड’ म्हणतात. जमीन बहुतेक काळ्या दगडाच्या झिजेपासून बनलेली आहे. नदीनाल्यांच्या कांठीं ती खोल व भारी, तर टेकड्यांच्या उतारावर उथळ व बरड. काळी माती पाण्यानें फुगते व उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा देते. ती ओल चांगली धरून ठेवते. तिच्यांत पालाश सहसा बऱ्यापैकीं असतें. परंतु तिच्यांत चुन्याचा अंश असतो, त्यामुळें ती अल्कधर्मी होते; आणि अशा मातींत स्फुरद, जस्त व लोह हीं द्रव्यें असूनहि पिकाला सहजासहजीं मिळत नाहींत.

त्यांतच सेंद्रिय द्रव्याचा तुटवडा, हें दुखणें तर जुनेंच आहे. डॉ. व्होल्कर नांवाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८८९ ते १८९१ या काळांत हिंदुस्थानभर फिरून १८९३ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. येथला शेतकरी अडाणी नसून आपल्या कामांत कुशल आहे, असा निर्वाळा त्यानें दिला. पण त्याबरोबरच शेण सरपण म्हणून जाळलें जातें, तें जमिनीला मिळत नाहीं, याकडेहि त्यानें बोट दाखविलें. पुढें अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत याच कापसाच्या काळ्या मातीच्या प्रदेशांत काम करून, काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट बनविण्याची ‘इंदूर पद्धति’ बसविली. औषधाची दिशा अशी ठाऊक होतीच. कोणत्या शेताला किती मात्रा, हें मात्र मातीची परीक्षा केल्यावांचून कळण्यासारखें नव्हतें.

ही परीक्षा सामान्य शेतकऱ्यासाठीं करून देणाऱ्या प्रयोगशाळा भारतांत १९५५-५६ च्या सुमारास, अमेरिकेशीं झालेल्या सहकार्याच्या कराराखालीं, प्रथम निघाल्या. पुढें त्यांची संख्या वाढत गेली व महाराष्ट्रांत जिल्हावार मृद चाचणीची व्यवस्था झाली. १९ फेब्रुवारी २०१५ रोजीं राजस्थानांतील सूरतगड येथें केंद्र सरकारनें मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तींत मातीच्या बारा परीक्षा सांगितल्या आहेत: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल आणि बोरॉन.

परंतु परीक्षा प्रयोगशाळेंत सुरू होत नाहीं. ती शेतांतच सुरू होते, आणि पुष्कळ वेळां तेथेंच फसते. एक साधा हिशेब करावा. एक एकर जमिनीचा वरचा १५ सेंटीमीटरांचा थर घेतला, तर त्यांतील माती सुमारें आठ-नऊ लाख किलो भरते. त्यांतून प्रयोगशाळेंत जाते अर्धा किलो. आणि सेंद्रिय कर्बाच्या परीक्षेसाठीं त्या अर्ध्या किलोंतूनहि एक-दोन ग्रॅमच माती उचलली जाते. तेव्हां ती चिमूटभर माती जर सबंध शेताची प्रतिनिधि नसेल, तर यंत्र कितीहि अचूक असलें तरी उत्तर चुकीचेंच येणार. गणितांत पहिला आंकडा चुकीचा मांडल्यावर पुढचा गुणाकार बिनचूक करून काय उपयोग?

म्हणून नमुना घेण्याची रीत नीट समजून घ्यावी. पीक निघाल्यावर व पेरणीपूर्वीं, म्हणजे चैत्र-वैशाखांत, हें काम करावें. शेतांत भारी व बरड असे दोन भाग असतील तर त्यांचे नमुने वेगळे घ्यावे. भारी व हलकी माती एकत्र केली तर निघणारी सरासरी कोणत्याच भागाला लागू पडत नाहीं. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणें निवडावीं. धुऱ्याजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची, शेणखताचा ढीग जेथें पडला होता तेथली किंवा पाणथळ जागा वर्ज्य करावी. वरचा काडीकचरा बाजूस सारून इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा १५ सेंटीमीटर खोल खड्डा करावा, आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटें जाडीची चीप काढावी. सर्व ठिकाणची माती प्लास्टिकच्या बादलींत गोळा करावी. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलींत ठेवली तर जस्ताची परीक्षा बिघडते. ती माती सावलींत वाळवून, कालवून, तिचे चार भाग करावे. समोरासमोरचे दोन टाकून द्यावे व उरलेले दोन पुन्हां कालवावे. अर्धा किलो उरेपर्यंत असें करीत जावें. मग स्वच्छ कापडी पिशवींत भरून आंत शेतकऱ्याचें नांव, गांव, गट क्रमांक, मागील पीक व पुढें घ्यावयाचें पीक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. खताची रिकामी पिशवी मात्र चुकूनहि वापरूं नये. कारण मग परीक्षा मातीची न होतां त्या खताची होईल. संत्रा-लिंबासारखीं फळझाडें लावावयाचीं असतील तर वरचा थर पुरेसा नाहीं. तीन फूट खोलपर्यंत थराथराचे वेगवेगळे नमुने घ्यावे लागतात, कारण झाडाचें मूळ जेथवर जाणार तेथवर चुनखडी आहे कीं काय, हें आधींच पाहिलें पाहिजे.

प्रयोगशाळेंत होतें तें काय? माती कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीनें चाळतात. सेंद्रिय कर्बासाठीं १९३४ सालीं बसविलेली वॉक्ली व ब्लॅक यांची पद्धत वापरतात: डायक्रोमेट व गंधकाम्ल यांच्या साहाय्यानें मातींतील कर्ब जाळावयाचा, आणि किती डायक्रोमेट खर्ची पडलें यावरून कर्ब किती होता तें काढावयाचें. स्फुरदासाठीं चुनखडीच्या जमिनींत ओल्सेन यांची १९५४ सालची पद्धत चालते. तींत सोड्याच्या द्रावणानें निघालेल्या स्फुरदाला निळा रंग आणतात, आणि रंग जितका गडद तितकें स्फुरद अधिक. नत्रासाठीं सुब्बय्या व असिजा या भारतीय शास्त्रज्ञांनीं १९५६ सालीं सुचविलेली रीत आजहि देशभर रूढ आहे. या सर्व रीतींचें मर्म एकच आहे: मातींत एकंदर किती द्रव्य आहे हें मोजावयाचें नसून, पिकाला त्यांतून किती उचलतां येईल याचा अंदाज करावयाचा आहे. तिजोरींत कुलुपबंद ठेव पुष्कळ असली तरी बाजारांत हातांतला पैसाच चालतो. मातीचेंहि तसेंच आहे.

पत्रिका हातीं आल्यावर ती वाचावी कशी? सामू ७ असेल तर माती उदासीन. त्याखालीं आम्ल, वर अल्कधर्मी. येथें एक अंक वाढणें म्हणजे दसपट फरक होय, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ या दरम्यान असतो. सेंद्रिय कर्ब शेंकडा ०.५ पेक्षां कमी असेल तर माती निर्धन, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्यावर संपन्न समजतात. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोंहून कमी असलें तर कमी मानतात. जस्त दहा लाख भागांत ०.६ भागांहून कमी भरलें तर त्याची उणीव समजून, हेक्टरीं २०-२५ किलो जस्त सल्फेट शिफारसीप्रमाणें द्यावें लागतें.

जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यानें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत जो नियम लोकांत रुजविला, तो येथें उपयोगी पडतो. पिकाची वाढ जें द्रव्य मुबलक आहे त्यावर ठरत नाहीं. जें सर्वांत तोकडें आहे त्यावर ठरते. लांकडी पिपाची एक फळी आंखूड असली, तर बाकीच्या फळ्या कितीहि उंच असोत, पाणी त्या आंखूड फळीवरूनच वाहून जातें. ज्या शेताला जस्त कमी आहे तेथें डीएपीची आणखी एक बॅग टाकणें म्हणजे उंच फळी आणखी उंच करणें होय. पैसा जातो, पीक वाढत नाहीं, आणि ‘जमीनच खराब’ असा दोष बिचाऱ्या जमिनीच्या माथीं बसतो.

असें असूनहि पत्रिकेला देववाणी मानूं नये. २०१५ च्या योजनेंत बागायती जमिनींत अडीच हेक्टरांस एक, व कोरडवाहू जमिनींत दहा हेक्टरांस एक, असा नमुना ठरविला होता. दहा हेक्टर म्हणजे जवळजवळ पंचवीस एकर. महाराष्ट्रांत शेतकऱ्याचें सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या गणनेप्रमाणें १.३४ हेक्टर होतें. म्हणजे एका नमुन्याच्या चौकटींत सरासरीनें सात शेतकरी येतात, आणि नदीकांठच्या भारी शेताची पत्रिका टेकडीवरच्या बरड शेताच्या धन्यालाहि मिळूं शकते. ज्याला आपल्याच शेताचें खरें उत्तर हवें असेल, त्यानें स्वतः नमुना घेऊन प्रयोगशाळेंत द्यावा, हा राजमार्ग होय.

परीक्षेइतकेंच महत्त्व सल्ल्याला आहे. अकोला येथें १९६९ सालीं डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवानें कृषि विद्यापीठ स्थापन झालें, व यवतमाळचें कृषि विज्ञान केंद्र त्याच्याच छत्राखालीं आहे. अशा केंद्रांपैकीं देशांतलें पहिलें पुदुच्चेरी येथें १९७४ सालीं निघालें. विद्यापीठांत सिद्ध झालेली गोष्ट जिल्ह्याच्या मातींत उतरते कीं नाहीं, हें शेतकऱ्याच्याच शेतांत लावून पाहणें, हें त्यांचें काम. नागपूर येथें १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. २००८ सालीं विदर्भांत सोयाबीनवर पानें खाणाऱ्या अळ्यांचा मोठा हल्ला झाला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यानें किडींच्या पाहणीची व सल्ल्याची योजना हातीं घेतली. ठराविक शेतांत किडी मोजून गांवोगांव इशारे देणें हें तिचें सूत्र. गुलाबी बोंडअळीचेंच उदाहरण घ्या. हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावावयाचे. एका सापळ्यांत रोज आठ पतंग याप्रमाणें सलग तीन दिवस सांपडले, किंवा शंभरांत दहा फुलें-बोंडें किडलेलीं दिसलीं, तरच औषधाचा विचार करावयाचा. फवारणी टाळतां येईल असा प्रत्येक दिवस पैसाहि वांचवितो आणि फवारणाऱ्या मजुराचा जीवहि.

ज्याला कार्यालयापर्यंत जाणें जड जातें, त्याच्यासाठीं २१ जानेवारी २००४ पासून किसान कॉल सेंटर आहे. १८००-१८०-१५५१ या बिनखर्चाच्या क्रमांकावर मराठींतून उत्तर मिळतें. आणि नभोवाणीचें ऋण तर विसरतां येणार नाहीं. १९५६ सालीं पुणें केंद्रावरून मराठी मुलखाच्या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांसाठीं शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें चालविण्याचा प्रयोग झाला. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करीत, आणि आपल्या शंका केंद्राकडे धाडीत. सल्ला वरून खालीं नुसता ओतून भागत नाहीं, खालचा प्रश्न वर गेला पाहिजे, हा त्या प्रयोगाचा धडा आजहि शिळा झालेला नाहीं.

शहरांतील वाचक म्हणतील, कीं याचा आमच्याशीं काय संबंध? एक संबंध अगदीं घरचा आहे. गच्चीवरच्या कुंडींतल्या लिंबाचीं वा गुलाबाचीं पानें पिवळीं पडलीं, कीं तेथेंहि ‘काय टाकूं’ हाच प्रश्न प्रथम निघतो. जुनीं, खालचीं पानें आधीं पिवळीं पडत असतील तर बहुधा नत्राची उणीव. कोंवळीं पानें पिवळीं पण शिरा हिरव्या, असें असेल तर लोहाची, आणि ती जड पाण्यानें व चुनखडीच्या मातीनें वाढते. मुळें सततच्या पाण्यानें गुदमरलीं असतील तर मात्र कोणतेंच खत कामास येत नाहीं. कुंड्यांतली माती प्रयोगशाळेंत द्यावयाची तर ज्यांत एकसारखी माती भरली आहे अशाच कुंड्यांचा एक नमुना करावा.

दुसरा संबंध याहून मोठा आहे. शहरांतील अनेक कुटुंबांचें मूळ शेत गांवीं असतें; तें भाऊ, चुलता किंवा बटईदार कसत असतो. त्याच्या घरांत मृद पत्रिका आलेली असते. ती आढ्याला खोंवलेली किंवा देव्हाऱ्यामागें ठेवलेली असते, कारण तिच्यावरचे आंकडे उलगडून सांगणारा कोणी नसतो. पोडावरच्या कोलाम कुटुंबाची घरची बोली तर मराठीहि नव्हे. त्याला ‘सामू ८.२’ या अक्षरांचा काय बोध होणार? सुटींत गांवीं गेलेल्या शिकलेल्या मुलानें वा मुलीनें ती पत्रिका काढून, कोणती फळी आंखूड आहे एवढें जरी काकांना समजावून दिलें, तरी एका हंगामाचा अनाठायीं खर्च टळूं शकेल. पुढच्या चैत्रांत शेत मोकळें होईल, तेव्हां त्याच्यासोबत शेतांत उभें राहून आठ खड्डे घेतले आणि पिशवींत चिठ्ठी लिहून घातली, तर त्याहून उत्तम. या कामाला पदवी लागत नाहीं. एक खुरपें, एक बादली, एक कापडी पिशवी आणि अर्ध्या दिवसाची सवड एवढेंच लागतें.